सनमायकाचं कपाट: सकाळी आठ ते संध्याकाळी सात

सकाळी ८. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला. पिशवीत पॉलिश पेपर, मास्किंग टेप, चार इंची फोमचे रोलर, दीड इंची ब्रश, पेचकस, सुती फडक्यांचा गठ्ठा आणि दोन डबे: एक प्रायमरचा, एक रंगाचा. घरोघरी जाऊन सनमायकाचं फर्निचर रंगवून देणं हा माझा धंदा. आजचं काम एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे. दोन दारांचं कपाट, मरून सनमायका, आतलं प्लायवुड अजून खणखणीत. सुतार म्हणाला होता, फोडून नवं करा. काकूंना ते पटेना.

आल्याआल्या मी रंगाचा डबा उघडत नाही. आधी बोटांनी टकटक करत सगळं कपाट फिरते. सनमायका सुटली असेल तिथे आवाज पोकळ येतो. खालच्या एका कोपऱ्यात तसा आला, तिथे फटीत फेव्हिकॉल सोडून टेप ताणून लावली. मग कडा बघते. बोर्ड पाणी पिऊन फुगला असेल, तर रंगाने तो बसत नाही. सिंकखालची भुसाबोर्डाची दारं अशी फुगलेली निघाली की मी सरळ सांगते, यावर पैसे घालू नका. हे कपाट मात्र पन्नास वर्षं टिकेल असं आहे.

८.३०. दारं उतरवली. बिजागऱ्या, मुठी, स्क्रू एका डब्यात. कुठलं दार कुठल्या बाजूचं ते आतून पेन्सिलीने लिहिलं. दार उभं ठेवून रंगवलं की ओघळ येतात, म्हणून दोन्ही दारं स्टुलांवर आडवी.

९. धुणं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, घट्ट पिळलेलं फडकं. पाणी ओतायचं नाही, कडेतून आत शिरतं. मुठीभोवती वर्षानुवर्षांच्या हातांचं तेल असतं. स्वयंपाकघराच्या बाजूचं कपाट असेल, तर फोडणीचा चिकटा वेगळाच. साबणानंतर दोनदा साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं, आणि शेवटी थोडं थिनर. थिनर काढण्याआधी मी काकूंना म्हटलं, "काकू, देवापुढचं निरांजन आणि उदबत्ती आधी शांत करा. गॅसही बंद." खिडक्या सताड उघड्या. घरात काम करताना थिनरच्या वाफेची जाण ठेवलीच पाहिजे. ती डोळ्यांना दिसत नाही आणि ज्योत मिळाली की पेटते.

१०. घासणं. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या जाड तपकिरी कागदांचे थर, वर नक्षीचा कागद, त्यावर मेलामाइन रेझिन, आणि हे सगळं उष्णता आणि प्रचंड दाब देऊन एकजीव केलेलं. लाकूड रंग पितं, सनमायका थेंबभरही पीत नाही. रंगाला नुसतं वरून धरून राहायचं असतं, आणि धरायला ओरखडे लागतात. ते ओरखडे आपण द्यायचे. १८० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एकसारखा हात फिरवायचा. नक्षी घासून काढायची नाही, फक्त चकाकी मारायची. दार उजेडाकडे तिरकं धरून बघते. जिथे खिडकीचं प्रतिबिंब चमकतं, तिथे अजून घासायचं आहे. चमकणारी एक जागा राहिली, तर पुढे पोपडा तिथूनच सुटतो.

"ताई, एवढा वेळ घासतच बसणार का?" काकूंनी चहा ठेवताना विचारलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी धुतल्या-घासल्याशिवाय थेट ऑइलपेंट मारून गेला होता, आणि दिवाळीपर्यंत दाराचा रंग नखाने सालीसारखा निघू लागला. काकूंनी ते पाहिलं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं.

१२. धूळ पुसली. तोंडावरचा मास्क अजून काढला नाही. कडांचे टवके आणि जुन्या मुठींची भोकं लांबीने भरली, पट्टीने सपाट केली. नव्या मुठी जुन्याच भोकांत बसणाऱ्या आणल्या असत्या, तर हे काम वाचलं असतं. मुठी घ्यायला जाताना दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या, दुकानात त्याच मापाच्या सहज मिळतात.

१२.४५. लांबी घासून प्रायमर. इथे मी पैसे वाचवू देत नाही. लाकडाचा साधा पांढरा प्रायमर लाकडात मुरण्यासाठी बनवलेला असतो, त्याचा सनमायकावर उपयोग नाही. लॅमिनेटवर किंवा मेलामाइनवर चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला प्रायमर घ्या. महाग असतो, पण लागतो थोडा. कोपरे ब्रशने, बाकी रोलरने, पातळ हात. खालचा मरून थोडा दिसला तरी चालतो. पंखा बंद, नाहीतर सगळी धूळ ओल्या प्रायमरवर.

१.३० ते ४. वाळण्याचा वेळ. डब्यावरचा वेळ पाळायचा. पावसाळा असेल तर त्याहून बराच जास्त. मी पावसाळ्यात ही कामं घेत नाही. दमट हवेत रंग चिकट राहतो आणि दार कपाटाला चिकटून बसतं.

जेवता जेवता काकूंच्या भाचीचा फोन आला. ती भाड्याच्या घरात राहते, घरमालक रंगवू देणार नाही. तिला विनाइलचा चिकट कागद सांगितला. पट्टी मापापेक्षा थोडी मोठी कापायची, मागचा कागद एकदम न सोलता वीतभर सोलायचा, तेवढाच जुन्या एटीएम कार्डाने वरून खाली दाबत जायचा. बुडबुडा राहिला तर सुईने टोचायचा. कोपऱ्यावर हेअर ड्रायरची ऊब द्यायची, कागद नरम होऊन वळतो. घर सोडताना तीच ऊब देऊन हळूहळू ओढला की निघतो. पण गॅसच्या शेजारी लावू नये, आणि साधी धुलाई इथेही चुकत नाही. खर्चात सगळ्यात हलका, टिकण्यातही हलका.

४. प्रायमर नखाने खरवडून पाहिला, निघत नाही. ३२० नंबरच्या पेपरने हलका हात फिरवला, पुसलं, आणि रंग. काकूंना पांढराशुभ्र हवा होता. पश्चिमेची खिडकी आणि घरात दोन नातवंडं बघून मी फिका करडा सुचवला, तोही सॅटिन. झगझगीत रंगात घासण्याची प्रत्येक लाट दिसते. अगदी मॅटवर बोटांचे डाग बसतात. वॉटर बेस एनॅमल घेतलं आहे, वास कमी आणि पांढऱ्या छटा ऑइलपेंटसारख्या पिवळ्या पडत नाहीत. एक लिटर रंग एका हाताला साधारण शंभर चौरस फूट जातो. दोन्ही दारांची पुढची बाजू मिळून सव्वीस चौरस फूट, म्हणजे दोन हातांना अर्ध्या लिटरहून थोडा जास्त लागतो. शिवाय सांगाडा आणि बाजूच्या फळ्या आहेत, म्हणून एक लिटरचा डबा.

रंग मलमलच्या फडक्यातून गाळला. रोलर भरला, ट्रेवर जास्तीचा निथळला, दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता नेला, आणि शेवटी न दाबता एकाच दिशेने फिरवला. वाळायला लागलेल्या जागेवर परत जाऊ नये, तिथे खूण उठते.

५.३०. पहिला हात झाला. मरूनची सावली अजून दिसते, काकूंचा चेहरा थोडा उतरला. दुसऱ्या हाताने ती जाते, तो उद्या सकाळी. कपाटाचा सांगाडा आणि बाजूच्या फळ्या रंगवल्या, टेप रंग ओला असतानाच काढली.

६.३०. ब्रश-रोलर धुतले, पेपर गोळा केले. काकू म्हणाल्या, ओट्याची आणि डायनिंग टेबलाची सनमायकाही अशीच करून द्या. नाही म्हटलं. गरम भांडी, सुरी, रोजची घासपूस यांच्याखाली रंग टिकत नाही. तिथे नवी शीटच लावावी.

७. निघताना सांगितलं: उद्या दारं बसवल्यावर दोन आठवडे ओलं फडकं लावू नका, वर टेप किंवा स्टिकर चिकटवू नका. रंग हाताला काही तासांत सुकतो, कडक व्हायला दिवस लागतात. पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, टेप धरून सामान दीड हजाराच्या आसपास गेलं. माझी मजुरी वेगळी. स्वतः करायची हिंमत असेल तर तीही वाचते, काम कष्टाचं आहे पण अवघड नाही. सुताराला कपाट फोडायला बोलावण्याआधी एवढंच करा: न दिसणाऱ्या कोपऱ्यात वीतभर जागा धुऊन, घासून, प्रायमर-रंग लावून आठवडाभर ठेवा. मग ब्लेडने फुली मारून त्यावर सेलोटेप दाबा आणि झटक्यात ओढा. रंग टेपबरोबर आला नाही, तर तुमचं कपाट रंगवण्याजोगं आहे.