दत्तूची आई, अशोकची आजी

एकाच घरातल्या तिघांनी मिळून पुरं केलेलं एक महाकाव्य मराठीत आहे. 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले आणि १९१९ साली ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले, आणि शेवटचा मुलगा देवदत्त यांनी. हे चौसष्ट अध्याय लिहिणाऱ्या बाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. जोडाक्षरं तर त्यांना कायमच जड गेली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या मनू गोखले. १८५७च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, त्याचा धक्का वडिलांना असा बसला की सोवळ्याने त्यांना पुरतं पछाडलं. बाजारातून आलेलं धान्य धुऊन वाळवल्याशिवाय घरात यायचं नाही, कुणाचा स्पर्श झाला की पुन्हा धुणं. घरातल्या बायकापोरांचा जीव मेटाकुटीला यायचा. पण 'स्मृतिचित्रे'त हे सारं सांगताना लक्ष्मीबाई गळा काढत नाहीत. त्या गंमत सांगावी तसं सांगतात, आणि वाचणारा हसता हसता मध्येच गप्प होतो.

अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, बुद्धिमान, मायाळू आणि तितकाच लहरी नि तापट. पैसा हातात टिकायचा नाही, पाय एका गावात टिकायचा नाही. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. लहानग्या दत्तूला, म्हणजे देवदत्तला, घेऊन त्या पंढरपूरला नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. एकटेपणाच्या त्या दिवसांत दुःख कवितेत उतरू लागलं.

काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे परतल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी बळजबरी केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला: जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच, असं मनाने घेतल्यावर त्यांनी शिवाशीव सोडली ती कायमची. बाप्तिस्मा त्यानंतरचा. धान्य धुऊन घेणाऱ्या घरातली ही मुलगी कुणाच्याही हातचं खाऊ लागली, ते कुणाचं व्याख्यान ऐकून नव्हे.

मग त्यांचं घर माणसांनी भरलं ते भरलंच. दुष्काळाने उघडी पडलेली पोरं आली, पोटच्या मुलांसारखी सांभाळलेली मुलं आली. नगरला प्लेग आला तेव्हा लोक गाव सोडून पळत होते. लक्ष्मीबाई रोग्यांच्या उशाशी बसल्या. कवी मंडळींची ये-जा तर कायमचीच. त्यातलाच एक त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. महाराष्ट्राने त्यांच्या निसर्गकविता डोक्यावर घेतल्या. लक्ष्मीबाईंनी मात्र रुसणारा, हट्ट करणारा, पुन्हा हसत घरात वावरणारा पोरगा पाहिला. १९१८ साली रेल्वे अपघातात तो गेला. त्याच्यावरची त्यांची पानं वाचताना एका कवीची माहिती कळते, त्याहून जास्त एका आईचं कळतं.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. कोपऱ्यात बसून जपमाळ ओढण्याचा त्यांचा पिंड नव्हता. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनची नोकरी केली. पुढे देवदत्तांच्या बिऱ्हाडासोबत थेट कराचीला गेल्या. सून, नातवंडं, अनोळखी गाव, अनोळखी भाषा. तिथल्या फजित्याही त्यांनी तितक्याच चवीने लिहिल्या आहेत.

'स्मृतिचित्रे' लिहिण्यामागे आत्मचरित्राचा बेत नव्हता. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितलं. आईने लिहिलं ते बोलल्यासारखं: दुपारी निवडणं-टिपणं करत शेजारणीला सांगावं तसं. त्यात टिळक तर आलेच, पण त्यांच्यासोबत अख्खं घर आलं. भांडणं, उसनवारी, आजारपणं, पाहुणे. नवऱ्याचा संताप लपवला नाही आणि स्वतःचा धांदरटपणाही. टिळकांचा मोठेपणा त्यामुळे कमी झाला नाही. उलट तो माणसाचा वाटू लागला. त्या काळी पुस्तकी, संस्कृतप्रचुर मराठीचा दबदबा मोठा होता. अशा वेळी या घरगुती बोलीत लिहिलेलं पुस्तक मराठी आत्मचरित्रांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसलं.

पहिला भाग १९३४ साली निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. चौथा भाग त्यांच्या मागे आला. विजया मेहता यांनी या पुस्तकावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. इंग्रजी अनुवादही झाले, त्यातला शांता गोखले यांचा २०१७ सालचा.

पण घरातलं काम घरातल्यांनीही सोडलं नाही. लक्ष्मीबाई सांगण्याच्या ओघात लिहीत, सनावळीचा हिशेब ठेवणं हा त्यांचा प्रांत नव्हे. ती उस्तवार केली नातू अशोक देवदत्त टिळक यांनी. त्यांनी संपादित केलेली 'स्मृतिचित्रे'ची अभिनव आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध झाली, आणि या पुस्तकाचे अभ्यासक आजही तीच हाताशी ठेवतात.