आजोबांची तपकिरीची डबी

गेल्या महिन्यांत आमच्या तेरा वर्षांच्या नातवाच्या दप्तरांत गुटख्याची पुडी सांपडली. आम्ही संतापलों. तो खालीं मान घालून म्हणाला, "आजोबा, तुमची तपकीर आणायला मीच जात होतों ना?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जन्मभर शाळेंत सदाचाराचे पाठ दिले; पण दुकानाची वाट मात्र आम्हींच त्याला दाखविली.

२००३ सालच्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांस तंबाखूचे पदार्थ विकण्यास, तसेंच शाळेपासून १०० यार्डांच्या आंत ते विकण्यास मनाई आहे. तपकीरही त्यांतच येते. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावरही बंदी आली. परंतु उंबऱ्याच्या आंत वडील मंडळींचें आचरण हाच मुलांचा कायदा.

व्यसन हा आजार आहे, धिक्काराचा विषय नव्हे, ही दृष्टि पुण्याच्या 'मुक्तांगण'नें १९८६ पासून महाराष्ट्रास दिली. म्हणून नातवास आम्हीं शिक्षा केली नाहीं. सर्वांसमक्ष डबी रिकामी केली आणि सायंकाळीं त्याच्यासवें मैदानावर जाऊं लागलों. रविवारीं आळींतील पालकांस बोलावून प्रथम स्वतःचाच दोष सांगितला. मग इतर घरांतील गोष्टीही निघाल्या. कोठें मशेरी, कोठें विडी. आतां दरमहा बैठक भरते; मुलेंही येतात, मोकळेपणानें विचारतात.

आमची तलफ पुरती गेली असें अद्याप म्हणवत नाहीं. नातू रोज विचारतो, व आम्ही खरें सांगतों. वाचकहो, मुलांचीं दप्तरें तपासण्यापूर्वीं आपली डबी कोठें आहे, तें एकदां पाहावें.