गिअर बदलताना ‘ठक्’ होतंय? दोष गिअरबॉक्सचाच असेल असं नाही

सिग्नल हिरवा होतो, पहिला गिअर पडतो, क्लच सुटतो आणि गाडीखालून ‘ठक्’ असा आवाज येतो. गाडी चालते, पण प्रत्येक सिग्नलला तेच. गॅरेजमध्ये ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं ऐकलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण ते काम वेळखाऊ आणि महागडं. पण असा आवाज अनेकदा गिअरबॉक्सच्या बाहेरून येत असतो. तो नेमका कोणत्या क्षणी येतो हे लक्षात घेतलं, तर शोध निम्म्यावर येतो.

मॅन्युअल गाडीत गिअर बदलणं म्हणजे तीन क्रिया: क्लच दाबणं, लिव्हर हलवणं आणि क्लच सोडणं. लिव्हर हलवताना आवाज आला, तर संशय क्लच किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर जातो. क्लच सोडताना किंवा अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना आला, तर इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या साखळीत कुठेतरी काहीतरी सैल झालेलं असतं.

लिव्हर हलवताना ‘कर्रर’

गिअर जुळण्याआधी फिरणाऱ्या भागांचे वेग सारखे व्हावे लागतात. हे काम सिंक्रोनायझर नावाची यंत्रणा करते. त्यातली कडी, जी बहुतेक वेळा पितळी असते, गिअरला घासून वेग जुळवते आणि मगच दाते एकमेकांत बसतात. १९२८ मध्ये कॅडिलॅक कंपनीने ही सोय आपल्या मोटारीत पहिल्यांदा आणली. त्याआधी वेग जुळवणं चालकाच्याच कसबावर अवलंबून होतं.

एकाच गिअरला, समजा फक्त तिसऱ्याला, आवाज येत असेल तर त्या गिअरची कडी झिजलेली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागतो. त्याआधी गिअर ऑइलची पातळी आणि ते योग्य प्रकारचं आहे का, हे तपासून घ्यावं. चुकीच्या ऑइलनेही कडीची पकड बिघडते.

सगळेच गिअर जड पडत असतील तर एक सोपी चाचणी आहे. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनवर ते सहज पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलच्या गाडीत केबल ताणलेली असू शकते. हायड्रॉलिक क्लचमध्ये तेल कमी झालेलं किंवा नळीत हवा शिरलेली असू शकते. अनेक गाड्यांमध्ये क्लच आणि ब्रेकचं तेल एकाच डबीतून येतं. त्यामुळे ती पातळी वारंवार उतरत असेल तर दुर्लक्ष करू नये.

रिव्हर्सची गोष्ट वेगळी. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबलं आणि मग रिव्हर्स टाकला की आवाज गेला, तर तो बिघाड नव्हे, घाई होती.

क्लच सोडताना ‘ठक्’

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर टेकलेले असतात. रबर फाटलं की ताकद येताच इंजिन उसळतं आणि धातू धातूवर आपटतो. तपासणीसाठी सपाट जागा निवडावी, हँडब्रेक ओढावा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवावा आणि बोनेट उघडावं. पहिला गिअर टाकून क्लच किंचित पकडेपर्यंत सोडावा, मग रिव्हर्समध्ये तेच करावं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनकडे पाहावं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहू नये आणि हात, ओढणी, बाह्या फिरणाऱ्या पट्ट्यांपासून लांब ठेवाव्यात. इंजिन थोडं हलणारच, पण ते उडी मारत असेल तर माउंटिंग गेलं.

माउंटिंग ठीक असेल तर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत सीव्ही जॉइंट पाहावेत. त्यांच्यावरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर पडतं आणि पावसाळ्यात चिखल आत जातो. चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस आणि पूर्ण वळण घेताना ‘टक-टक’ ही बाहेरच्या जॉइंटची खूण. आतला जॉइंट झिजला, तर वेग घेताना किंवा सोडताना ‘ठक्’ होतं.

बोलेरोसारख्या मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावे लागतात. शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना फिरवला की सैलपणा जाणवतो. हे काम रॅम्पवर, इंजिन बंद आणि चाकांना अडण लावूनच करावं.

ऑटोमॅटिक गाडीत

‘डी’वरून ‘आर’वर जाताना हलका धक्का बसणं स्वाभाविक आहे. धक्का जोराचा झाला तर माउंटिंग, इंजिनचा आयडल वेग आणि ट्रान्समिशन ऑइल तपासावं. चढावर ‘पी’मधून बाहेर येताना ‘ठण्’ होत असेल, तर कारण बहुधा पार्किंगच्या सवयीत असतं. गाडी थांबल्यावर आधी हँडब्रेक ओढून ब्रेक सोडावा आणि भार हँडब्रेकवर आला की ब्रेक पुन्हा दाबून ‘पी’ लावावा. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्या खिट्टीवर येतं.

किती दिवस चालवावी?

फाटलेलं माउंटिंग गाडी लगेच थांबवत नाही, पण उरलेल्या माउंटिंगवर भार वाढवतं. क्रॉस किंवा जॉइंटचं तसं नाही. आवाजाबरोबर वेगात थरथर जाणवू लागली, तर लांबचा प्रवास टाळावा. क्रॉस तुटला तर चालत्या गाडीखाली शाफ्ट रस्त्यावर आपटू शकतो.

गॅरेजमध्ये ‘आवाज येतो’ एवढंच सांगण्यापेक्षा कोणत्या गिअरला, कोणत्या क्षणी, गाडी थंड असताना की गरम, हे सांगावं आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी. गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी माउंटिंग, क्लच आणि जॉइंट तपासले का, हा प्रश्न जरूर विचारावा.