होडी पाण्यात हलकी, जमिनीवर जड!

भरलेला गॅस सिलिंडर स्वयंपाकघरातून गॅलरीत न्यायचा असेल, तर घरातलं कुणी तो कवेत उचलायला जात नाही. जरा तिरका करायचा आणि बुडाच्या कडीवर गोल गोल फिरवत न्यायचा, ही युक्ती आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. आत १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे ३० किलोंच्या आसपासचा ऐवज. आता कल्पना करा, एवढंच वजन दहा फूट लांब आहे, गुळगुळीत आहे, धरायला फक्त दोन टोकांना दोन मुठी आहेत आणि ते घेऊन वाळूतून चालायचं आहे. हौसेनं घेतलेली प्लॅस्टिकची कयाक म्हणजे नेमकं हेच प्रकरण!

कयाक म्हणजे एकट्यानं किंवा दोघांनी बसून दुपाती वल्ह्यानं वल्हवायची अरुंद होडी. तारकर्लीला किंवा गोव्याच्या खाड्यांमध्ये सुट्टीत गेलेल्यांनी ती पाहिलेली असते, तासभर भाड्यानं घेऊन चालवलेलीही असते. पाण्यात ती इतकी हलकी चालते, की दहा वर्षांचं मूलही ती पुढे नेतं. तिथेच हौस लागते. मग एखाद्या घरात स्वतःची कयाक येते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी राहते आणि पहिल्या रविवारी साक्षात्कार होतो, की ही होडी चालवायला एक माणूस पुरतो, पण उचलायला दोन लागतात. दुसरा माणूस दर रविवारी पहाटे साडेपाचला मिळत नाही. मुलाची परीक्षा असते, शेजाऱ्याची कंबर धरलेली असते, मित्राला झोप प्यारी असते. पाण्याची भीती वाटून नव्हे, तर गाडीपासून पाण्यापर्यंतच्या तेवढ्या वाटेपायी होडी धूळ खात पडते.

मुळात ही होडी अशी नव्हती. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का या बर्फाळ किनाऱ्यांवरच्या इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी घडवली. वाहून आलेलं लाकूड किंवा हाडं यांचा सांगाडा आणि त्यावर सीलच्या कातड्याचं आवरण. सांगाडा पुरुषांनी बांधायचा आणि कातडी शिवायची बायकांनी. शिवण अशी, की थेंबभर पाणी आत येऊ नये. नवऱ्याचा जीव त्या टाक्यांवर! होडी वापरणाऱ्याच्या अंगाच्या मापानं बेतलेली असे आणि एकटा शिकारी ती उचलून नेई. आजही शर्यतीतली एकट्याची कयाक फार तर खांद्यावरचं ओझं असते. नियमानुसार तिचं वजन किमान १२ किलो असावं लागतं, एवढंच. पण ती नाजूक आणि महाग. घरगुती वापराची कयाक बनते ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी: साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालून, तापवून, साचा फिरवत फिरवत. म्हणूनच ती टाकीसारखी दणकट असते. खडकावर आपटली तरी सहसा ओरखड्यावर भागतं. आणि म्हणूनच ती टाकीसारखी जडही असते.

त्यात आपला किनारा. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि सहा-सव्वासहा तासांत ओहोटी पाणी पार आत ओढून नेते. समजा, सकाळी सातला भरती आहे. होडी गाडीतून उतरवली की चार पावलांवर पाणी! माणूस खुशीत निघतो, खाडीत भटकतो, पक्षी बघतो आणि बाराला परततो तेव्हा सकाळचं पाणी जागेवर नसतं. पुळणीचा उतार तीस मीटरला एक मीटर असा धरला आणि पाणी तीन मीटर उतरलं, तर चालायचं अंतर होतं ९० मीटर. डोक्यावर ऊन, दंड भरून आलेले, पायाखाली ओली-कोरडी वाळू आणि मागे ३० किलोंची होडी. कंबरेत उसण भरते ती इथे, वल्हवताना नव्हे. होडी फरफटत नेली तर तळ घासतो, आणि ठरावीक जागी रोज घासला तर एक दिवस भोकही पडतं.

किनाऱ्यावरची माणसं हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या सोडवत आली आहेत. कोळी आपल्या होड्या ओढताना खाली ओंडके घालतात. तामिळनाडूच्या मच्छीमारांचं ‘कट्टुमरम’ म्हणजे तर बांधलेली लाकडंच. काम झालं की दोर सोडायचे आणि ओंडके वेगवेगळे उचलून वाळत टाकायचे. प्लॅस्टिकची कयाक सुटी करता येत नाही. तिला चाकंच हवीत.

तयार गाडे मिळतात, नाही असं नाही. पण दोन चाकं आणि चार नळ्या यांची किंमत ऐकून मध्यमवर्गीय माणूस आधी हसतो आणि मग हार्डवेअरच्या दुकानाकडे वळतो. ‘काय साहेब, पालखी करताय का?’ असं दुकानदार विचारणारच. विचारू द्यावं.

चौरंगाला चाकं

आकार डोळ्यांपुढे आणायचा तर पूजेचा चौरंग आठवावा. खाली चौकट, चार बुटके पाय आणि वर, फळीऐवजी, दोन आडवे दांडे. या दांड्यांवर होडीचं पोट टेकतं आणि खालच्या चौकटीतून आस जातो. नळाच्या कामाची दीड इंची जाड पीव्हीसी नळी यासाठी उत्तम. कापायला हॅकसॉ पुरतो, कोपरे जोडायला एल्बो आणि टी मिळतात, प्लंबरकडचं सोल्यूशन लावलं की सांधा पक्का. पातळ नळी स्वस्त पडते, पण उन्हात आणि वजनाखाली ती वाकते. तिच्या वाटेला जाऊ नये.

रुंदी दीड ते दोन फूट ठेवावी. त्याहून अरुंद गाडा खड्ड्यात चाक गेलं की कलंडतो. पाय इतके उंच हवेत, की होडी ठेवल्यावर तिचं पोट चाकांच्या माथ्याला घासणार नाही. हे मोजायचं बहुतेकजण विसरतात आणि सगळं चिकटवून झाल्यावर लक्षात येतं! म्हणून सोल्यूशन लावण्याआधी नळ्या नुसत्या एकमेकींत खोचून, वर होडी ठेवून बघावी. दांड्यांवर मऊ आवरण हवं. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम मिळाला तर फारच छान. नाहीतर जुनी योगाची चटई गुंडाळून नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधली तरी चालते. आणि प्रत्येक नळीच्या तळाला एक बारीक भोक पाडावं. नाहीतर नळीत शिरलेलं खारं पाणी तिथेच राहतं आणि परतीच्या वाटेवर गाडीच्या सीटवर सांडतं.

खरी गंमत चाकांत आहे. घरात माळ्यावर पडलेली बाबागाडी किंवा मुलाची लहानपणची सायकल हटकून आठवते. बाबागाडीची चाकं सिमेंटच्या रस्त्यावर झकास पळतात, वाळूत मात्र सुरीसारखी रुततात. सायकलच्या चाकाची अडचण वेगळीच. त्याचा आस दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेला असतो. तो एकाच बाजूनं गाड्याला बसवला तर काही फेऱ्यांत वाकतो. त्यापेक्षा मालवाहू ट्रॉलीला लावतात ती दहा इंची, रुंद, हवा भरायची, बेअरिंगवाली चाकं घ्यावीत. हार्डवेअरच्या बाजारात ती सुटी मिळतात.

आस मात्र एकसंध हवा, या चाकापासून त्या चाकापर्यंत आरपार गेलेला. दोन्ही बाजूंना दोन आखूड बोल्ट ठोकून काम भागवण्याचा मोह होतो. तसं केलं की पीव्हीसीची भोकं सैल होतात आणि चाकं कोंबडीच्या पायांसारखी फाकतात. चाकाच्या भोकात नीट बसेल अशी गुळगुळीत सळई घ्यावी. स्लॅबमध्ये घालतात ती कंगोऱ्यांची नको. समुद्रावर वापरायचं असेल तर स्टेनलेस स्टीलची, कारण साध्या लोखंडाला खारी हवा एका पावसाळ्यात खाऊन टाकते. चाकाच्या दोन्ही बाजूंना वायसर, टोकाला भोक पाडून त्यात पिन. पिन काढली की चाक हातात आलं पाहिजे, म्हणजे गाडा डिकीत मावतो.

तयार झाल्यावर लगेच समुद्र गाठू नये. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन भरलेले जार त्यावर बांधावेत आणि सोसायटीला दोन फेऱ्या माराव्यात. ४० किलो पेलून गाडा कुरकुरला नाही, तर ३० किलोंच्या होडीची काळजी नको.

तीन किलोंचं गणित

गाडा होडीखाली कुठे लावायचा, यावर सगळी मेहनत सफल किंवा फुकट ठरते. शेपटाशी लावला तर होडीचा बराचसा भार नाकाकडे, म्हणजे ओढणाऱ्याच्या हातात येतो. दहा फुटी, ३० किलोंच्या होडीला गाडा मध्यापासून १२० सेंटिमीटर मागे लावला, तर हाताला तेरा किलोंहून जास्त भार पेलावा लागतो. तोच गाडा मध्याच्या २० सेंटिमीटर मागे सरकवला, की हातात उरतात जेमतेम साडेतीन किलो. बाजारातून परतताना भाजीची पिशवी याहून जड असते! अगदी मधोमधही नको, कारण मग होडी झोपाळ्यासारखी पुढे-मागे झुलते. मध्य शोधणं सोपं: होडी एखाद्या आडव्या नळीवर ठेवून पुढे-मागे सरकवायची; जिथे दोन्ही टोकं तोलून राहतील तो मध्य. तिथे रंगाची खूण करून ठेवावी.

एकट्यानं होडी चढवायची कशी? तर एका वेळी एकच टोक उचलायचं. एक टोक जमिनीवर असलं की हातावर निम्माच भार येतो. गुडघ्यात वाकून शेपूट उचलावं, पायानं गाडा खाली सरकवावा, पट्टा आवळावा. पट्टा दोन जागी लागतो. एक होडीच्या पोटाभोवती आणि एक गाड्यापासून पुढच्या मुठीपर्यंत. हा दुसरा नसला की पहिल्याच दगडाला अडून गाडा मागे सटकतो आणि होडी धपकन खाली! स्कूटरवर सामान बांधायची रबरी दोरी इथे कामाची नाही. ती ताणते. न ताणणारा, बकलवाला नायलॉनचा पट्टाच हवा.

कोरड्या भुसभुशीत वाळूत रुंद चाकंही थोडी रुततात. टायरमधली थोडी हवा कमी केली की ती पसरून चालतात. जमेल तितकं ओल्या, दाबल्या गेलेल्या वाळूवरून चालावं. दोन पावलं जास्त पडली तरी दम कमी लागतो.

हा खटाटोप केवळ सोयीचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी साठी ओलांडलेल्या किंवा पायानं अधू असलेल्या माणसाचा विचार करावा. ग्वाल्हेरची प्राची यादव २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये पॅराकनू शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं कयाकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. पाण्यावर दुबळ्या पायांचा अडसर पुष्कळ कमी होतो. अडतं ते जमिनीवर. ज्याला काठी टेकत का होईना, चालता येतं, त्याला कुणाच्या हातापाया न पडता आपली होडी पाण्यापर्यंत नेता आली, तर त्याचं मोल डिकीत मावणाऱ्या नळ्यांत मोजता येणार नाही.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी ठणकावून सांगायलाच हवी. गाड्यामुळे जमिनीवरचा सोबती वाचतो, पाण्यातला नाही. अंगात लाइफ जॅकेट, कुठे चाललो आणि कधी परतणार हे घरी सांगितलेलं आणि होता होईतो बरोबर दुसरी होडी, यात सवलत नाही. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर आधी परवानगीची चौकशी करावी. वरवर शांत दिसणारं ते पाणी दरवाजे उघडले की क्षणात बदलतं.

परत आल्यावर गाड्याला गोड्या पाण्याची आंघोळ घालावी, आसावर तेलाचे चार थेंब सोडावेत. काठावर तो उघडा टाकून जाऊ नये, भंगारवाल्याची नजर तीक्ष्ण असते. साखळी लावावी किंवा चाकं काढून होडीतच बांधून न्यावा. पावसाळ्यात चार महिने कयाक भिंतीला टेकून उभी राहते, गाड्याला मात्र उसंत नसते. पन्नास किलोंचं तांदळाचं पोतं लिफ्टपर्यंत न्यायला, कुंड्या हलवायला, टँकर आला की पाण्याचा पिंप ओढायला सोसायटीतून मागणी सुरू होते. आणि रविवारी पहाटे होडी काढायला जावं, तर गाडा तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे तरी असतो!