तीस सप्टेंबरची सक्तीची रात्र

इंडोनेशियाचा सिनेमा म्हटले की आपल्याकडे फार तर 'द रेड'मधली हाणामारी आठवते. पण त्या देशातल्या एका अख्ख्या पिढीच्या मनावर ज्याने सर्वात खोल ठसा उमटवला, तो चित्रपट वेगळाच आहे, आणि बहुतेकांनी तो स्वतःहून निवडून पाहिलेला नाही. १९८४ साली सरकारी चित्रपटसंस्थेने काढलेला, साडेचार तासांच्या आसपास चालणारा 'पेंगखियानातान जी-३०-एस/पीकेआय'. 'पेंगखियानातान' म्हणजे विश्वासघात. पुढची अक्षरे ३० सप्टेंबरच्या चळवळीची आणि इंडोनेशियन कम्युनिस्ट पक्षाची.

ती रात्र १९६५ सालची. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो लष्कर आणि कम्युनिस्ट पक्ष या दोघांना तोलून धरत होते. सोव्हिएत संघ आणि चीन वगळता जगातला सर्वात मोठा कम्युनिस्ट पक्ष तेव्हा इंडोनेशियात होता. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर लष्करातल्याच एका गटाने सहा जनरल आणि एक लेफ्टनंट यांना ठार केले आणि प्रेते जकार्ताच्या वेशीवरच्या लुबांग बुवाया येथील एका वापरात नसलेल्या विहिरीत टाकली. मेजर जनरल सुहार्तो यांनी हे बंड मोडून काढले, सारा दोष कम्युनिस्टांवर ठेवला आणि पुढे ते ३२ वर्षे सत्तेवर राहिले. त्यानंतरच्या काही महिन्यांत किमान ५ लाख माणसे मारली गेली. बरेच अभ्यासक हा आकडा १० लाखांपर्यंत नेतात. चित्रपटात सात मृत्यू आहेत. हे लाखो नाहीत.

चित्रपट वाईट असता तर प्रश्न सोपा होता. दिग्दर्शक आरिफिन सी. नूर हे इंडोनेशियन रंगभूमीवरचे मोठे नाटककार. अंधार, ओठांचे आणि डोळ्यांचे अगदी जवळून घेतलेले तुकडे, सिगारेटचा धूर, अंगावर काटा आणणारे संगीत : भयपटाची सारी सामग्री त्यांनी राजकीय प्रचाराच्या कामी लावली. वडिलांचे रक्त चेहऱ्याला माखणारी मुलगी ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांच्या डोळ्यांपुढून ती जात नाही. पटकथेला १९८५ मध्ये चित्रा पुरस्कारही मिळाला. सुकार्नोंची भूमिका केली ती उमर कायाम यांनी. हे तेच कथाकार, ज्यांनी १९६५च्या वावटळीत सापडलेल्या स्त्रियांवर करुणेने लिहिले होते. या विसंगतीचा उलगडा मला समाधानकारक वाटेल असा अजून कुणी केलेला नाही.

खरे विष आहे ते विहिरीजवळच्या प्रसंगात. कम्युनिस्टांच्या बायका बेभान होऊन बंदिवानांचे चेहरे वस्तऱ्याने कापतात, गाणे म्हणतात. जनरलांचे डोळे काढले, त्यांची विटंबना केली, अशा बातम्या लष्कराच्या वृत्तपत्रांनी १९६५ मध्येच पसरवल्या होत्या. प्रत्यक्षात सुहार्तो यांच्याच आदेशावरून शवविच्छेदन झाले होते, आणि त्या अहवालांत गोळ्यांच्या आणि बोथट माराच्या जखमा आहेत. डोळे जागच्या जागी होते, विटंबनेच्या खुणा नव्हत्या. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८७ मध्ये हे अहवाल प्रसिद्ध केले. तोवर पडदा आपले काम करून गेला होता. 'गेरवानी' या स्त्रीसंघटनेचे नाव शिवीसारखे झाले होते.

त्या गाण्याची कथा तर आणखी विषण्ण करणारी आहे. 'गेंजेर' ही भातखाचरात आपोआप उगवणारी भाजी, गरिबाच्या पानातली. १९४२ मध्ये जपानी अंमलातल्या उपासमारीत पूर्व जावातल्या बान्युवांगीच्या मुहम्मद आरिफ यांनी तिच्यावर गाणे रचले. पुढे ते पक्षाच्या सभांतून लोकप्रिय झाले, आणि १९६५नंतर गीत बंद, गीतकार बेपत्ता. चित्रपटाने त्याला खुनाचे गाणे करून टाकले. एका पालेभाजीचे!

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या रात्री सरकारी दूरचित्रवाणी हा चित्रपट दाखवी, आणि खासगी वाहिन्या आल्यावर त्यांनाही तो दाखवावा लागे. शाळकरी मुलांना रांगेने चित्रपटगृहात नेले जाई. 'टेंपो' साप्ताहिकाने २००० साली १,१०१ विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ९७ टक्के मुलांनी तो पाहिलेला निघाला, आणि ८७ टक्क्यांनी एकाहून अधिक वेळा. सुहार्तो गेल्यावर, १९९८ मध्ये, हे प्रक्षेपण थांबले. त्यात हवाई दलाच्या नाराजीचाही वाटा होता, कारण चित्रपटात त्यांचा हालीम तळ कटवाल्यांचा अड्डा दिसतो. म्हणजे मारल्या गेलेल्यांची तक्रार कुणी ऐकली नाही, गणवेशवाल्यांची मात्र ऐकली गेली. २०१७ मध्ये सेनाप्रमुख गातोत नुरमान्त्यो यांनी गावोगाव पुन्हा खेळ लावायला सांगितले, आणि राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी नव्या पिढीसाठी नवी आवृत्ती काढावी असे सुचवले.

सिनेमाचा या हत्याकांडाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो थेट तिकीटखिडकीपाशी जातो. १९६४ मध्ये डाव्या संघटनांनी अमेरिकन चित्रपटांवर बहिष्काराची मोहीम उघडली. सुमात्रातल्या मेदान शहरात चित्रपटगृहाबाहेर काळ्या बाजारात तिकिटे विकणाऱ्या गुंडांच्या पोटावर त्याने पाय आला. वर्षभरात हेच गुंड लष्कराच्या हाताखाली माणसे मारत होते. जोशुआ ओपनहायमर यांच्या 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' (२०१२) मध्ये त्यांच्यापैकी अन्वर काँगो आपली कृत्ये हॉलिवूडच्या थाटात पुन्हा करून दाखवतो. एका ठिकाणी १९८४च्या त्या चित्रपटाचा विषय निघतो. तो पाहिला की आपल्याला अपराधी वाटत नाही, असे अन्वर म्हणतो. त्याचा जुना साथीदार आदी त्याला सरळ सांगतो की तो चित्रपट खोटा आहे, कम्युनिस्टांना वाईट दाखवण्यासाठीच काढलेला आहे. मारणाऱ्याच्याच तोंडून आलेला हा अभिप्राय मला कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो.

ओपनहायमर यांचा चित्रपट इंडोनेशियात नेहमीच्या चित्रपटगृहांत लागला नाही. खासगी खेळांतून आणि पुढे इंटरनेटवर मोफत तो लोकांपर्यंत पोहोचला. त्याच्या श्रेयनामावलीत सहदिग्दर्शकापासून अनेक इंडोनेशियन सहकाऱ्यांच्या जागी नाव नाही, ओळीमागून ओळ 'अनामिक' एवढेच आहे.