काळ्या पोशाखातली आत्या

1917 साली एदगार देगा पॅरिसमध्ये वारला आणि त्याच्या चित्रशाळेत साठलेली चित्रं बाहेर निघू लागली. त्यांत दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद असं एक कुटुंबचित्र होतं. बॅले नर्तिका आणि घोड्यांच्या शर्यती रंगवणारा म्हणून जग ज्याला ओळखत होतं, त्याने तरुणपणी आपल्या आत्याचं घर एवढं मोठं रंगवलं होतं. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने ते विकत घेतलं. 'बेलेल्ली कुटुंब' या नावाने ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

देगाची आत्या लोर ही नेपल्समधल्या सावकारी पेढीच्या घरातली लेक. तिचे यजमान जेन्नारो बेलेल्ली यांनी 1848च्या उठावात नेपल्सच्या राजसत्तेविरुद्ध भाग घेतला आणि त्यांना परागंदा व्हावं लागलं. कुटुंब फ्लोरेन्समध्ये भाड्याच्या जागेत राहू लागलं. 1858 साली चोवीस वर्षांचा देगा तिथे पोचला, तेव्हा आत्या घरी नव्हती. नेपल्समध्ये तिचे वडील, म्हणजे देगाचे आजोबा इलेर, ऑगस्टअखेर वारले. ती दोन्ही मुलींना घेऊन परतली, ती दुखवट्याच्या काळ्या पोशाखात.

तोच काळा झगा चित्राचा कणा आहे. आत्या उभी आहे, डोक्यापासून पायघोळ घेरापर्यंत पूर्ण दिसते. झग्यावर चकाकी नाही, दागिना नाही. एक हात थोरल्या जोव्हान्नाच्या खांद्यावर, दुसरा मेजावर टेकलेला. नजर मात्र खोलीतल्या कुणावरच नाही. तिच्या मागे निळ्या भिंतीवर आजोबांचं लाल खडूतलं रेखाचित्र टांगलेलं आहे. ज्यांच्यासाठी हा काळा रंग, ते असे चौकटीत हजर आहेत.

आतोबा दुसऱ्या टोकाला आरामखुर्चीत, शेगडीपाशी, आपल्याकडे जवळजवळ पाठ करून बसले आहेत. त्यांच्यात आणि आत्यात मेजाचा पाय, मेणबत्ती आणि आरशाची चौकट अशा उभ्या रेषांची जणू भिंतच उभी आहे. हे दांपत्य सुखी नव्हतं. नवऱ्याच्या स्वभावाबद्दलची तक्रार आत्याने पत्रांतून भाच्याला कळवलीही होती. देगाने भांडण रंगवलं नाही, माणसांमधलं अंतर रंगवलं. धाकटी जुलिया एक पाय खुर्चीवर दुमडून मधोमध बसली आहे. तिचं अंग आईकडे नाही, तोंड वडिलांच्या बाजूला वळलेलं आहे. दोघांमधला पूल होणं तिच्या वाट्याला आलं आहे.

या चित्रासाठी देगाने फ्लोरेन्समध्ये अनेक रेखाटनं केली आणि पॅरिसला परतल्यावर ते मोठ्या कॅनव्हासवर उतरवलं. अभिजात शैलीचा फ्रेंच चित्रकार आंग्र याचा तो भक्त होता. त्यामुळे आत्याची आकृती जुन्या घराण्यातल्या व्यक्तिचित्रासारखी कडक आणि भारदस्त आहे. पण उजव्या कोपऱ्यात एक कुत्रा खोलीबाहेर निघाला आहे आणि कडेने त्याला अर्धाच कापला आहे. प्रत्येकाने समोर बघून नीट बसावं, ही व्यक्तिचित्राची रीत तिथे मोडते.

पुढे देगाच्या चित्रांतल्या नर्तिका चौकटीबाहेर सरकू लागल्या, प्रेक्षक पाठमोरे दिसू लागले, मधली जागा रिकामी राहू लागली. या साऱ्याची सुरुवात रंगमंचावर नव्हे, आत्याच्या दिवाणखान्यात झाली होती.