विस्कटलेली पोथी आणि चाळीस वर्षांचा विद्यार्थी

एक विषय सोडून मुलगा दुसऱ्याकडे वळला की घरच्या वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. “इतकी वर्षे फुकट गेली!” हा उद्गार आम्ही ऐकला आहे आणि प्रसंगी काढलाही आहे. म्हणूनच अमेरिकेतील जिम केंट यांची हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

केंट मूळचे गणिताचे पदवीधर. हलत्या चित्रांसाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. त्या धंद्यास कंटाळून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत जीवशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी दाखल झाले आणि एका सूक्ष्म कृमीच्या जनुकांचा अभ्यास करू लागले. २००० साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते विद्यार्थीच होते.

मनुष्याचा आनुवंशिक मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा आहे. सार्वजनिक खर्चाने चाललेल्या जीनोम प्रकल्पाने तो वाचला खरा, पण सुमारे चार लाख तुकड्यांत. एका पोथीच्या अनेक प्रती फाटून चिठोऱ्या मिसळाव्यात आणि एकीच्या शेवटचे शब्द दुसरीच्या आरंभाशी ताडून मूळ ग्रंथ लावावा, तसे हे काम होते. इकडे सेलेरा ही खासगी कंपनी तोच मजकूर जुळवीत होती. जनुकांवर पेटंटे घेण्याचाही तो काळ. सर्वांच्या अविभक्त मिळकतीवर एकाच भाऊबंदाचे नाव चढावे, तशी ही भीती होती, आणि केंट यांस ती अस्वस्थ करीत असे.

संगणकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड हॉसलर यांच्या साथीने केंट कामास लागले. सुमारे चार आठवड्यांत त्यांनी दहा हजार ओळींची आज्ञावली लिहिली. मनगटे इतकी दुखत की त्यांवर बर्फ धरावा लागे. शंभर साध्या संगणकांवर ती चालवून २२ जून २००० रोजी पहिली जुळणी सिद्ध झाली, सेलेराच्या आधी अवघे तीन दिवस! ७ जुलै रोजी ती इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली झाली.

जुळणीत गाळलेल्या जागा पुष्कळ होत्या. त्या भरण्यास वीसांहून अधिक वर्षे लागली. केंट यांस २००२ साली डॉक्टरेट मिळाली आणि संगणकाच्या साह्याने जीवशास्त्राचा उलगडा करणे हेच त्यांचे कार्य ठरले. जनुकांची ओळख प्रयोगशाळेने दिली, पण ऐन वेळी उपयोगी पडली ती सोडून दिलेल्या धंद्यातली विद्या. तेव्हा घरातील मुलाने वाट बदलली, तर मागील वर्षांचा हिशेब मांडण्याची आपण घाई करू नये, हे बरे.